जायला किती लागले? स्थलांतर, विकास आणि आपला बेळगाव-खानापूर-चिक्कोडी पट्टा

घाटमाथा (धागाकर्ता), रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आपल्या भागात कुणाचा पोरगा बाहेर असला की पहिला प्रश्न ठरलेला: महिन्याला किती पाठवतो? दुसरा: घर बांधलं का? जायला किती लागले आणि ते कुठून उभे केले, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तर घरचे विषय बदलतात. माझं म्हणणं असं की स्थलांतरातून विकास होतो की नाही याचं निम्मं उत्तर या न विचारलेल्या प्रश्नात असतं. मोठमोठ्या अहवालांचे मथळेही आलेल्या पैशाचे असतात, गेलेल्या पैशाचे नसतात.

आधी आलेल्या पैशाचंच बघू. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत परदेशातल्या माणसांनी घरी पाठवलेली रक्कम ६५६ अब्ज डॉलर होती. या देशांत आलेल्या परदेशी थेट गुंतवणुकीपेक्षा जास्त, आणि श्रीमंत देश जी सरकारी विकास मदत देतात तिच्या दुपटीहून अधिक. या यादीत भारत वर्षानुवर्षं पहिला आहे. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात २०२३-२४ साली आपल्याकडं ११८.७ अब्ज डॉलर आले. पूर्वी यात आखाताचा वाटा मोठा असायचा. आता एकट्या अमेरिकेचा २७.७ टक्के आणि अमिरातीचा १९.२ टक्के. म्हणजे पैसे पाठवणारा माणूसच बदलत चाललाय. एकूण रक्कम फुगली म्हणून हुक्केरी तालुक्यातल्या वेल्डरच्या हातात जास्त पडलं असं कुणी समजू नये.

एवढ्या पैशानं देश सुधारायला हवेत. नेपाळमध्ये असा पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास पाव हिस्सा आहे, ताजिकिस्तानात तर निम्म्याच्या आसपास. दोन्हीपैकी एकही देश श्रीमंत झालेला नाही. घरं उभी राहिली, पोरं शाळेत टिकली, आजारपणात जमीन विकावी लागली नाही, हे खरं आहे आणि ते थोडंथोडकं नाही. पण रस्ता, दवाखाना, पाणी आणि गावात मिळणारं काम या पैशातून आपोआप येत नाही.

आता आपला जिल्हा बघा. खानापूरचा पोरगा गोव्यातल्या वेर्णा नाहीतर कुंडईच्या कारखान्यात जातो. गोव्यातला माणूस पोर्तुगीज पासपोर्ट काढून विलायतेला जातो (१९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना ती वाट आहे). आपल्या उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) ओडिशा-बिहारची माणसं, आणि चिक्कोडी-रायबाग-अथणीच्या उसात बीडचा कोयता, म्हणजे तिकडची ऊसतोड जोडपी. वरच्या खाचराचा बांध फोडला की पाणी खालच्या खाचरात उतरतं, तसं हे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उतरत जातं. त्यामुळं 'आमची माणसं बाहेर चालली' आणि 'बाहेरची आमच्यात घुसली' ही दोन गाऱ्हाणी आपल्याकडं एकाच कट्ट्यावर, एकाच चहात ऐकायला मिळतात.

या साखळीत एक गोष्ट मला सगळीकडं सारखी दिसते. बीडचं जोडपं दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतं आणि मग हंगामभर ती फेडतं. आखातात जाणारा एजंटाला आधी पैसे मोजतो, तेही दागिने गहाण टाकून किंवा शेकड्यानं काढून. दोघांनीही कष्ट करायच्या आधीच ते विकलेले असतात. आता कायद्यानं नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार तर कामगाराकडून काही घेऊच नका म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही १०.७.१ असा एक निर्देशक आहे: नोकरी मिळवायला कामगारानं केलेला खर्च, तिथल्या महिन्याच्या कमाईच्या तुलनेत किती. म्हणजे जगाला हे कळलेलं आहे. आपल्याकडं ते आकडे घराबाहेर पडत नाहीत.

तर ज्यांना शक्य आहे त्यांनी हिशेब टाका. नावं-गावं नकोत. आणि कृपा करून सीमाप्रश्नावर गाडी नेऊ नका, त्याला वेगळे धागे आहेत.

वाचनमात्र, रविवार, रात्री ९:२५

रुमाल टाकून ठेवतो. निवांत लिहितो.

रियाध रिटर्न, रविवार, रात्री ११:०२

हिशेब मागितलात, घ्या.

मी एसी मेकॅनिक, आयटीआय केलेला. एजंटानं एक लाख चाळीस हजार घेतले, पावती वीस हजारांची दिली. बाकीचे 'व्हिसा खर्च' म्हणून रोख. त्यातले नव्वद हजार शेकडा तीननं काढले होते, म्हणजे महिन्याला सत्तावीसशे नुसतं व्याज. बाकी बायकोच्या पाटल्या. मुंबईत ज्या कागदावर सही केली त्यात दीड हजार रियाल आणि जेवण होतं. तिथं उतरल्यावर दुसरा कागद पुढं आला, अरबीत. बाराशे रियाल, जेवण आपलं आपण. सही नाही केली तर परत जा, म्हणाले. परत जाऊन काय सांगणार? कर्ज तर घेऊन बसलोय. इथंच तुमचा मुद्दा बरोबर आहे. माणूस कमी पगाराला हो म्हणतो ते तिथल्या कफीलला (व्हिसा देणाऱ्या मालकाला) भिऊन नाही, इथल्या सावकाराला भिऊन. कर्ज नसतं तर पहिल्याच आठवड्यात बॅग उचलली असती.

माझ्या खोलीत एक बांगलादेशी होता, त्यानं माझ्या कितीतरी पट भरलेले. केरळचा पोरगा होता, त्याचा मामा कंपनीत फोरमन, त्यानं फक्त तिकिटाचे दिलेले. काम तिघांचं एकच. केरळवाला पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठवत होता. माझा पहिला करार संपेपर्यंत जे पाठवलं ते सगळं फेडण्यात गेलं.

खरं एक सांगतो, नुसतं रडगाणं नको. तिथं चिलर प्लांटवर (मोठ्या इमारती थंड करायच्या यंत्रणेवर) काम केलं. इथं आयुष्यभर खिडकीतले एसीच उघडत बसलो असतो. आता शहापुरात माझं दुकान आहे, हाताखाली दोघं आहेत, हॉस्पिटलांची मोठी कामं घेतो. पैशानं घराचा स्लॅब पडला. दुकान चाललं ते कामामुळं. तुमच्या जागतिक बँकेच्या आकड्यात हे दुसरं धरतात का?

सौदीत २०२१ पासून नियम बदललाय, एक वर्ष झालं की मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते. घरकामवाले आणि घरचे ड्रायव्हर त्यात नाहीत. माझ्या वेळेला हे नव्हतं.

घाटमाथा, रविवार, रात्री ११:२०

दादा, यासाठीच धागा काढला होता. नाही, शिकून आणलेलं काम त्या ६५६ अब्जांत धरत नाहीत.

उद्यमबाग, सोमवार, सकाळी ७:४५

आमची छोटी फाउंड्री आहे. 'स्थानिकांना काम देत नाही' हे ऐकून कान किटले म्हणून लिहितोय.

जाहिरात मराठीत देतो, कन्नडमध्ये देतो, गेटवर बोर्ड लावतो. मशीन शॉपला पोरं मिळतात. फेटलिंगला मिळत नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कास्टिंग साच्यातून काढल्यावर त्याला चिकटलेली वाळू आणि कडेचा जादा धातू ग्राइंडरनं घासून काढायचा असतो. दिवसभर धूळ, ठिणग्या, आवाज, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये. माझा स्वतःचा पुतण्या दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी पुण्याला गेला. चाकणला तो जे कमावतो त्यातलं खोली आणि मेस वजा केलं तर माझ्याकडं मिळालं असतं त्यापेक्षा फार जास्त उरत नाही. पण तिथं तो 'कंपनीत' आहे, मुलीकडचे विचारतात तेव्हा ते सांगता येतं.

ओडिशाची पोरं बारा तास उभी राहतात कारण त्यांना इथं दुसरं काही करायचंच नाही. खोलीवर सहा जण, एकाची रात्रपाळी तर दुसऱ्याची दिवसपाळी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती गेली तेव्हा भट्टी बंद. ऑर्डर होत्या, कच्चा माल होता, हीट घ्यायला, म्हणजे धातू वितळवून ओतायला, माणूस नव्हता. बेळगावची फाउंड्री कुणाच्या हातावर उभी आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं आणि दिवाळीपर्यंत सगळे विसरले.

विकास करायचा तर काम इथं आणा. हत्तरगीला हायवेलगत विमानाचे सुटे भाग करणारं सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) २००९ पासून चालू आहे. एअरबससाठी पार्ट तिथं बनतात. पार्ट जातो फ्रान्सला, पोरगा रात्री संकेश्वरला घरी जेवतो. असं आणखी का होत नाही यावर बोला.

शंकासुर, सोमवार, सकाळी ९:३०

"स्थानिक मिळत नाहीत"

तुम्ही देता त्या पगाराला मिळत नाहीत, एवढंच वाक्य पूर्ण करतो. पगार दीडपट करा, बघू पुतण्या परत येतोय का.

उद्यमबाग, सोमवार, सकाळी ९:५२

दीडपट केला तर कोल्हापूर आणि राजकोटवाले माझी ऑर्डर घेऊन जातील. भाव मी ठरवत नाही, गाडी बनवणारी कंपनी ठरवते. या, एक दिवस मालक होऊन बघा.

तक्ता आणि आलेख, सोमवार, दुपारी १:१५

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालल्यात: इथं विकास झाला की लोक जायचे थांबतील. अभ्यास तसं म्हणत नाहीत.

मायकेल क्लेमेन्स या अर्थतज्ज्ञानं बऱ्याच देशांचे आकडे मांडून दाखवलंय की गरीब देशाचं उत्पन्न वाढायला लागलं की बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण आधी वाढतं. क्रयशक्तीच्या हिशेबात (म्हणजे त्या देशातली स्वस्ताई-महागाई धरून) माणशी वर्षाला साधारण दहा हजार डॉलरपर्यंत ते चढतं, मग उतरायला लागतं. कारण साधं आहे. अगदी गरिबाला बाहेर जाणं परवडत नाही. पासपोर्ट, शिक्षण, इंग्रजी, ओळखीपाळखी, एजंटाचे पैसे हे सगळं हातात थोडं आल्यावरच जमतं. रियाध रिटर्न आयटीआय शिकले, गहाण टाकायला घरात पाटल्या होत्या, म्हणून गेले. ज्याच्याकडं पाटल्या नाहीत तो वेर्ण्याला जातो, आणि ज्याच्याकडं बसभाडंसुद्धा नाही तो मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये बसतो. भारत आता साधारण त्याच दहा हजाराच्या आसपास आलाय, त्यामुळं जाणारे लगेच कमी होतील असं समजायचं कारण नाही.

युरोपनं याच्या उलट समजून पैसा घातला. २०१५ च्या नोव्हेंबरात माल्टाची राजधानी व्हॅलेटा इथं परिषद झाली आणि आफ्रिकेसाठी खास निधी उभा केला. स्थलांतराच्या 'मूळ कारणां'वर खर्च करायचा, म्हणजे लोक येणार नाहीत. त्यातला बराच पैसा सीमेवरच्या पहाऱ्यावर गेला अशी टीका तेव्हापासून होते आहे.

आणि एकूण प्रमाण डोक्यात ठेवा. २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारी माणसं जगभरात सुमारे ३० कोटी होती, दर शंभरात चारसुद्धा नाहीत. भारतात २०११ च्या जनगणनेतच जन्मगाव किंवा आधीचं गाव सोडलेले ४५ कोटी निघाले. खरं स्थलांतर देशाच्या आतच आहे.

शंकासुर, सोमवार, दुपारी २:०५

त्या आलेखावर माझा जुना आक्षेप. एकाच वेळी वेगवेगळ्या देशांना शेजारी उभं करून चढ-उतार काढलाय. नायजर, भारत आणि मेक्सिको एका रेषेवर ठेवले म्हणून उद्याचा नायजर आजचा भारत होईल असं नाही. एकच देश घेऊन वर्षामागून वर्षं बघितलं तर उत्पन्न वाढताना बाहेर जाणं वाढत नाही असं सांगणारेही अभ्यास आहेत. वादाचा मुद्दा आहे, नियम म्हणून सांगू नका.

तक्ता आणि आलेख, सोमवार, दुपारी २:३०

आक्षेप मान्य करण्यासारखा आहे. पण एवढं तरी धरून चालू की 'गरिबी हटली की पोरं घरात बसतील' याला कुठल्याच बाजूचा भक्कम पुरावा नाही. केरळ बघा. २०२३ च्या केरळ स्थलांतर पाहणीत बाहेर गेलेले विद्यार्थी पाच वर्षांत १ लाख २९ हजारांवरून अडीच लाखांवर गेलेत. ते काही उपाशी म्हणून गेले नाहीत.

निपाणीची सून, सोमवार, रात्री १०:४०

सगळं वाचलं. पंचेचाळीस कोटी म्हणालात त्यातल्या सगळ्यात मोठ्या गठ्ठ्याचं कारण कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. लग्न. त्या जनगणनेत गाव बदलणाऱ्यांत बायका कितीतरी जास्त आहेत, आणि बहुतेकींनी ते लग्नामुळं बदललंय.

माझं माहेर गडहिंग्लज तालुक्यात. निपाणीला लग्न होऊन आले तर अंतर एसटीनं तासाभराचं, पण राज्य बदललं. रेशनकार्डातून माहेरी नाव कमी करून इथं लावायला किती खेटे घातले ते विचारू नका. दाखले कन्नडमध्ये. मुलाचं नाव शाळेत घालताना माझ्या जातीचा दाखला महाराष्ट्राचा म्हणून अडलं. माझा डी.एड. होता, इथं त्याचा काही उपयोग झाला नाही. माझ्यासारख्या घरटी एक सापडतील. आमचं शिक्षण सीमेवर वाया जातं, त्याला कुणी 'ब्रेन ड्रेन' म्हणत नाही.

आता दुसरी गोष्ट. माझा नवरा मस्कतला असतो. पैसे येतात, मी कृतघ्न नाही. पण पैसे आले म्हणजे सगळं काम झालं असं पुरुषांना वाटतं. गवंड्याला सांगायचं कोण, स्लॅब ओतताना खडी कमी टाकतोय ते बघायचं कोण, सासऱ्यांना डायलिसिसला बेळगावला नेणार कोण, शाळेच्या मीटिंगला जाणार कोण? गावातली मशिनरी बायका चालवतात. आणि एवढं करून पैसे येतात सासूबाईंच्या खात्यात, प्लॉट घेतला तो दिरांच्या नावावर, कारण सहीला माणूस इथं पाहिजे म्हणे. मी इथंच होते की!

आमच्या गल्लीत अजून बायका घरी बसून विड्या वळतात. नवरा बाहेरगावी असलेल्याही वळतात, कारण पैसे कधी लांबतील सांगता येत नाही. तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून मिळतो, विड्या मोजून द्यायच्या, खराब म्हणून बाजूला काढतील तेवढ्याचे पैसे नाहीत. नवऱ्याचे रियाल आणि बायकोच्या विड्या, दोन्हींवर मिळून घर चालतं. पैसे आले की बाई काम सोडते असं पुस्तकात वाचलंय मी. आमच्याकडं या आणि बघा.

घाटमाथा, सोमवार, रात्री ११:१०

ताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा. आणि एक भर घालतो: १८८५ साली रॅव्हनस्टाइन नावाच्या गृहस्थानं ब्रिटिश जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले होते. बहुतेक माणसं जवळच जातात, आणि जवळच्या अंतरात बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात, हे त्यात होतं. तेव्हापासून लिहून ठेवलेलं आहे, धोरणात काही उतरलेलं नाही.

निपाणीची सून, सोमवार, रात्री ११:१८

नको वेगळा धागा. वेगळा काढला की 'महिला विशेष' होतो आणि तुम्ही लोक वाचत नाही. इथंच राहू दे.

चिटबॉय, मंगळवार, सकाळी ६:२०

कारखान्याच्या गटात काम करतो. तोडीची चिठ्ठी देणं, टोळ्या कुठल्या फडात लावायच्या ते बघणं. आमच्याकडं एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल जोडीला मिळते, एकटीला वा एकट्याला नाही. त्यामुळं टोळीत जायचं म्हणून पोरीची लग्नं लवकर उरकतात. बायको आजारी पडली की कोयता अर्धा झाला, आणि खाडा धरला जातो.

पहाटे चारला फडात, ट्रॅक्टर भरूनच सुटका. बायका मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढतात, पोटुशी असली तरी. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, ना वीज ना संडास. पोरं ट्रॉलीच्या सावलीत. हंगाम संपला आणि हिशेब झाला की उचल फिटलेली नसते, बाकी पुढच्या वर्षावर. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं. धागाकर्ते म्हणाले ते बरोबर हाय. बीडचा विकास होतो की नाही मला म्हाईत नाही. मुकादमानं नवी गाडी घेतलेली बघितली.

शेतकऱ्यांचं पण सांगतो. टोळी मिळावी म्हणून 'खुशाली' द्यायला लागते, ती वेगळी. आणि मुकादम उचल घेऊन पळाला तर ट्रॅक्टरवाला बुडतो, त्यानं बँकेचं कर्ज काढून दिलेली असते. सगळेच एकमेकांच्या उचलीवर बसलेत.

पणजी व्हाया चोर्ला, मंगळवार, सकाळी १०:०५

मी खानापूरचा, गोव्यात कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) स्टँडजवळ हॉटेलात मॅनेजर. आमच्यात एजंट नाही, उचल नाही, पासपोर्ट नाही. गावचा कुणीतरी असतो, त्याच्या खोलीवर उतरायचं. तो मालकाशी बोलतो. खर्च बसभाडं. आठ-पंधरा दिवसांनी घरी, भातलावणीला हक्कानं रजा. धागाकर्त्यांच्या मोजपट्टीवर बघाल तर सगळ्यात चांगलं स्थलांतर आमचं.

खरं पुढं काही होत नाही. आलो तेव्हा टेबल पुसत होतो, आता मॅनेजर आहे, तरी पीएफ नाही. गोव्याची भाजी, दूध आणि माणूस तिन्ही बेळगावाकडनं येतात. भाजीचं कौतुक होतं, आम्हाला 'घाटी' म्हणतात. इथला मालक स्वतःचा पोरगा लंडनला पाठवतो. तो तिथं वेअरहाउसमध्ये खोकी उचलतो, ते काम इथं आमच्याकडनं करून घ्यायचं. त्याला तिथं काय म्हणत असतील देव जाणे.

हायवेकाठ, मंगळवार, सकाळी १०:४०

+१. 'घाटी' बद्दल तर लिहायलाच नको.

व्यवस्थापक, मंगळवार, दुपारी १२:००

सीमाप्रश्नातल्या १९५६ आणि महाजन अहवालावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्यात (महाराष्ट्र मागतो त्या) ८६५ गावांचा उल्लेख विषयाला धरून आला तर हरकत नाही. एकमेकांची बापजादी काढली तर आहे.

खानापूरकर मास्तर, मंगळवार, रात्री ८:५०

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. पैसा घरात येतो, गावात येत नाही, यावर थोडं.

मेक्सिकोत एक योजना होती, 'एकाला तीन' असं तिला म्हणता येईल. अमेरिकेत काम करणारे एका गावचे लोक मंडळ काढून गावच्या कामाला एक डॉलर द्यायचे, त्यावर केंद्र, राज्य आणि नगरपालिका एकेक डॉलर घालायची. त्यातून रस्ते, पाण्याच्या टाक्या झाल्या, चर्चचे कळसही झाले. दोष होते. ज्या गावचे लोक जास्त बाहेर, तिथंच पैसा जायचा, आणि ते गाव सगळ्यात गरीब असेलच असं नाही. पण सरकारनं हात पुढं केला होता.

केरळचं उदाहरण सगळे देतात, त्यात एक क्रम सुटतो. शाळा आणि दवाखाने तिथं आखाताच्या आधी होते. शिकलेला माणूस बाहेर गेला, म्हणून बरा पगार घेऊन आला, आणि आणलेला पैसा लावायला गावात काहीतरी होतं. आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात आजाऱ्याला खाटेवर घालून ओढा ओलांडणारी वाडी अजून आहे. तिथं पैसा आला तर माणूस पहिलं काय करतो? बेळगावात खोली घेतो आणि बिऱ्हाड हलवतो. मी त्याला दोष देत नाही. माझ्या शाळेचा पट असाच उतरला. आधी पोरगा गेला, मग त्यानं बायकापोरं नेली, शेवटी म्हातारी माणसं आणि कुलपं. आणि बेळगावात काय झालं? येळ्ळूर-वडगावच्या शिवारात, जिथं बेळगावी बासमतीचा वास यायचा, तिथं दगड रोवून प्लॉट. बाहेरच्या पैशानं जमिनीचा भाव असा चढला की गावात राहून शेती करणाऱ्याला गुंठाभर घ्यायची सोय राहिली नाही. गेलेल्याच्या कमाईची किंमत राहिलेल्यानं मोजली.

मुंबई-पुण्याच्या आमच्या ग्रामस्थ मंडळानं वर्गणी काढली ती मंदिराच्या जीर्णोद्धाराला. शाळेचं छत गळत होतं, तिकडं कुणी बघितलं नाही.

हायवेकाठ, मंगळवार, रात्री ९:३०

मास्तर, आदर ठेवून लिहितो. मंदिराला नावं ठेवू नका. यात्रा नसती तर ही माणसं गावात परत आलीच नसती. आमच्याकडं यात्रेलाच सगळे जमतात, तेव्हाच पंचायतीला जाब विचारला जातो, तेव्हाच स्मशानाची शेड ठरली. शाळेचं छत सरकारचं काम आहे. ते वर्गणीनं करायला लागलो तर सरकार हात झटकून मोकळं.

खानापूरकर मास्तर, मंगळवार, रात्री ९:५५

स्मशानशेड ठरते, शाळा ठरत नाही, हेच तर दुखणं आहे, बाळा. पण सरकारच्या जबाबदारीचं म्हणालास ते बरोबर.

तक्ता आणि आलेख, मंगळवार, रात्री १०:२०

पैसे पाठवण्याच्या खर्चाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून एक ओळ. दोनशे डॉलर घरी पाठवायला जगात सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास कापले जातात. २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणायचं असं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. आखातातून भारतात पाठवणं त्यामानानं स्वस्त. आफ्रिकेतल्या शेजारच्या देशात पाठवायला मात्र फार पडतात.

रियाध रिटर्न, मंगळवार, रात्री १०:३५

पाठवायला लागतात ते पाच-दहा रियाल हो. शेकडा तीन महिन्याला जातात त्याचं उद्दिष्ट कुणी ठेवलंय का?

काळजीतला मामा, बुधवार, सकाळी ८:१५

मंडळी, मी फक्त वाचत होतो, आज लिहायला लागलं. भाचा नववी नापास, सुतारकाम उत्तम करतो. एकानं ओमानचं काम सांगितलंय. ऐंशी हजार मागतोय, त्यातले तीस आत्ता. विझिट व्हिसावर जायचं, तिथं गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो म्हणतो. पासपोर्ट त्यानं ठेवून घेतलाय. बहीण सोनं मोडायला निघालीय. काय करू?

रियाध रिटर्न, बुधवार, सकाळी ८:२२

थांबा. एक पैसा देऊ नका.

दहावी नाही म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआर (कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) असणार. अशा पासपोर्टवर ज्या अठरा देशांत कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते, त्यांत ओमान येतो. ती चुकवायलाच विझिट व्हिसा काढतात. एकदा तसा गेला की तिथं त्याच्या कामाची कुठंही नोंद नाही, पगार बुडवला तर दाद मागायला कागद नाही. ई-मायग्रेट म्हणून सरकारी पोर्टल आहे, त्यावर नोंदणीकृत एजंटांची यादी बघा. नाव नसेल तर विषय संपला. असेल तर तीस हजार आणि जीएसटी, त्यावर रुपया नाही, तोही पावतीनं.

घाटमाथा, बुधवार, सकाळी ८:४०

आणि रीतसर गेला तर प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांना पावणेतीनशे रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाख. विझिटवर गेलेल्याला हे काही नाही. तक्रारीसाठी बेंगळुरूला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी अधिकाऱ्याचं) कार्यालय आहे.

निपाणीची सून, बुधवार, सकाळी ८:५५

मामा, बहिणीला सांगा सोनं मोडू नको. आणि त्याला नेमका पगार किती, कुठल्या मालकाकडं, हे लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मे पळतात. आमच्या गल्लीत सुताराला दिवसाला काय मिळतं तेही एकदा त्याच्याशी बसून मोजा.

काळजीतला मामा, बुधवार, दुपारी १:३०

पोर्टलवर नाव सापडलं नाही. फोन केला तर 'ऑफिस दुसऱ्याच्या नावावर आहे' म्हणाला. पासपोर्ट परत मागितला तर पाच हजार 'फाईल चार्ज' द्या म्हणतोय.

रियाध रिटर्न, बुधवार, दुपारी १:३८

पाच हजार पण देऊ नका. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, तसं त्यावर छापलेलं असतं. चार माणसं घेऊन जा, पोलिसात अर्ज देतो म्हणा. मी शहापुरात आहे, संध्याकाळी सहानंतर दुकान बंद करून येऊ शकतो. व्यक्तिगत निरोपात नंबर टाका.

काळजीतला मामा, बुधवार, दुपारी १:४१

टाकला.